रेडिओवरची हजेरी

बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीची मी सेक्रेटरी झाले, तेव्हा आधी कामांची यादी केली. गच्चीवरची तार काढायला लावणे, हे त्यातलं एक काम. तार वरच्या मजल्यावरच्या काकूंची. कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या.

"नोटीस आणलीत? ठेवा तिथे," काकू म्हणाल्या. "आणि बसा. ती काही पळून जात नाही."

त्यांनी टेबलावरच्या रेडिओ सेटचे हेडफोन माझ्या कानाला लावले. खरखरीतून साताऱ्याचे कुणी गृहस्थ आपल्याकडे धुकं पडल्याचं सांगत होते. मोबाइल नाही, इंटरनेट नाही. मध्ये फक्त ती तार आणि आकाश. नोटीस मी परत आणली, सोबत हॅम, म्हणजे हौशी रेडिओच्या परवान्याच्या परीक्षेचं पुस्तकही.

परीक्षा पास झाले ती काकूंमुळेच. सोल्डरिंग त्यांनी शिकवलं, अँटेना मापून कापायलाही. सुटे भाग घ्यायला बुधवार पेठेत न्यायच्या. दुकानदार "हे चालेल" म्हणाला, की म्हणायच्या, "चालवून दाखवा."

पण त्यांचं खरं काम म्हणजे सकाळची हजेरी. रोज त्या रेडिओवर एकेकाला त्याच्या कॉलसाइननं, म्हणजे परवान्यावरच्या सांकेतिक नावानं, हाक मारत. बहुतेक सगळे वय झालेले, एकटे राहणारे. उत्तर आलं नाही तर नंतर फोन. फोन उचलला नाही तर शेजाऱ्यांना. बाथरूममध्ये पडलेले एक गृहस्थ अशाच फोनमुळे वेळेवर दवाखान्यात पोचले होते.

गेल्या वर्षी काकूंना बारीक आवाज ऐकू येईनासे झाले.

"आता हजेरी तुम्ही घ्या, नाहीतर मी बंद करते," त्या म्हणाल्या. "बहिऱ्या माणसानं हजेरी घेऊन काय उपयोग?"

पहिल्या दिवशी त्या शेजारी बसल्या. मी सुरू केलं. हाक, उत्तर, यादीवर खूण, पुढचा. साताऱ्याच्या त्या गृहस्थांचं उत्तर नाही. मी पुढच्याला हाक मारणार, तेवढ्यात काकूंनी मनगट धरलं.

"काय हो, बस चुकतेय का?"

"काकू, नुसती खरखर आहे."

"असू दे. थांबा."

थांबले. बराच वेळ काही नाही. मग त्या खरखरीच्या तळातून कॉलसाइन सांगणारा बारीक आवाज आला. मी खूण केली.

"तुम्हाला ऐकू आलं?" मी काकूंना विचारलं.

"छे! त्यांचा गुडघा धरलाय. खुर्चीतून उठून सेटपर्यंत यायला वेळ लागतो. पुढचे आहेत ते आधी खोकतील, मग बोलतील. त्यांनाही थांबा."

ते खोकले, मग बोलले.

माझ्याकडे यादी होती. काकूंकडे त्या यादीतली माणसं होती. त्यांच्याइतकं नीट ऐकणारं कुणी मला भेटलेलं नाही, आणि हे मी त्यांचे कान गेल्यावर लिहिते आहे.

सगळ्यांची उत्तरं आली. मग काकू उठल्या, खुंटीवरची घराची जादा किल्ली काढली आणि माझ्यापुढे ठेवली.

"उद्या या वेळेला मी भाजीला जाणार आहे."