सिंगापूरचे बारा मासे

शुद्धलेखन चुकलं असेल आणि अक्षर तर वाकडंच आहे. चौथीनंतर शाळा सुटली, लिहायची सवय नाही. कुणाच्या हाती ही वही लागलीच तर सांभाळून घ्यावं.

माझे थोरले दीर माशांना नावाने हाक मारायचे आणि माणसांना ‘ए’ म्हणायचे. पीण्या नावाच्या कारखान्यांच्या वस्तीत त्यांचं एका लेथचं वर्कशॉप होतं. घरामागे त्यांनी स्वतः सिमेंटचा हौद बांधला होता आणि त्यात रंगीत जपानी कोई मासे पाळले होते. कन्नडात माशाला मीनु म्हणतात, म्हणून गल्लीत सगळे त्यांना मीनण्णा म्हणत. मी भावजी म्हणायचे. माझा नवरा गेल्यावर मला आणि माझ्या शैलाला त्यांनीच आपल्या घरी आणलं. ते एकटेच होते.

कामावरून आले की आधी हौद, मग चहा. हाताचं ऑइल साबणाने तीनदा धुवायचे आणि हात पाण्यात सोडायचे. मासे बोटं चोखायचे. “यांना पगार नको, बोनस नको,” म्हणायचे. त्यांच्या तोंडून विनोद ऐकू यायचा तो एवढाच.

सिंगापूरचा एक व्यापारी त्यांना टपालाने माशांचे फोटो पाठवायचा. प्रत्येक फोटोच्या मागे नंबर. भावजी ते फोटो माझ्या परातीशेजारी मांडायचे. “शिकलेले लोक किंमत बघून मासा निवडतात. तू बघून सांग.” मी बोलायचे नाही, पिठाचं बोट ठेवायचे. दोन वेळा तीन-चार मासे व्यापाऱ्याच्या माणसाबरोबर एका दिवसात आले आणि छान जगले.

तिसऱ्या वेळी बारा मागवायचं ठरलं. आठांना गिऱ्हाइकं ठरली होती, पण पैसे कमी पडत होते. नवऱ्याच्या विम्यातले अठरा हजार मी शैलाच्या नर्सिंगच्या फीसाठी ठेवले होते. फीला अजून तीन महिने होते. भावजींनी मागितले नाहीत, मीच पुढे केले. फोटोतला एक पांढरा, डोक्यावर लाल ठिपक्याचा मासा मला फार आवडला होता. “पैसे गेले तर?” भावजींनी विचारलं. मी चालेल म्हणून मान हलवली.

खोकी एका कागदावाचून विमानतळावर दोन दिवस अडकली. तिसऱ्या दिवशी सकाळी रिक्षाने घरी आली. दोन गिऱ्हाइकं आधीच येऊन उभी होती. भावजींनी नेहमीसारखंच केलं. पिशव्या हौदात तरंगत ठेवल्या, तोंडं सोडली आणि मगाने हौदातलं पाणी आत घालू लागले. “लांबून आलेत. स्वल्प स्वल्प सवय होऊ दे.”

खोक्याच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवला होता. अक्षरं इंग्रजी, पण चित्रं होती. उघड्या पिशवीत पाणी ओतणारा हात, त्यावर लाल फुली. शेजारी, पिशवी उघडताच मासा उचलून थेट स्वच्छ पाण्यात सोडलेला. मी ते दोनदा पाहिलं. भावजींच्या पाठीमागे जाऊन उभी राहिले. परक्या माणसांसमोर त्यांना माशांचं काय सांगायचं? मी चहा टाकायला आत गेले.

चहा घेऊन आले तर चार मासे उलटे झाले होते. दुपारपर्यंत बाराही. “मीनण्णा, यांचं सारू, कालवण तरी चांगलं होईल,” एक गिऱ्हाईक म्हणालं. कुणी हसलं नाही.

पुढे व्यापाऱ्याचं पत्र आलं. दोन दिवस कोंडलेल्या पाण्याची पिशवी उघडून त्यात ताजं पाणी मिसळलं की ते पाणीच विषारी होतं. भावजींनी पत्र शैलाकडून दुसऱ्यांदा वाचून घेतलं आणि म्हणाले, “चूक माझी.”

फी भरायची तारीख गेली. शैला गारमेंट कारखान्यात बटणं लावायला जाऊ लागली. भावजींनी आपले जुने मासे एका हॉटेलाला विकले आणि त्यातून गिऱ्हाइकांचे पैसे परत केले. माझे राहिले. दर महिन्याला चारशे रुपये ते वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून परातीशेजारी ठेवायचे. भावजयीच्या हातात काही द्यायचं नाही, ही त्यांची जुनी रीत.

दुसऱ्या वर्षी मी त्यांना त्या चित्राचं सांगितलं. ते दारात बसून बिजागरी घासत होते.

“तेव्हा बोलली असतीस, तर मी म्हटलं असतं, चूल बघ,” ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, “पण बोलायला हवं होतंस.”

पुढच्या महिन्यात पुडी ठरल्या दिवशी आली. एक महिना चुकला नाही. मध्ये लेथ विकली गेली, भावजी दुसऱ्याच्या कारखान्यात नोकरीला लागले, खोकला लागला, तरी पुडी यायचीच. मी नको म्हटलं की ऐकू न आल्यासारखं करायचे. शैलाला मी पुन्हा नर्सिंगचं विचारलं. ती म्हणाली, “आई, आता पुस्तक धरलं तरी झोप येते.”

चौथ्या वर्षी शेवटची पुडी आली. त्या दिवशी भावजी ठेवून गेले नाहीत, समोर पाटावर बसले.

“मोज.”

मी हात पुसून मोजले. शंभराच्या चार नोटा होत्या.

“आता काही राहिलं?”

“नाही,” मी म्हटलं. “सगळे फिटले.”

ते उठले आणि डबा घेऊन कामावर गेले.