चोवीस खिळ्यांची टोपी

“लेकराचं डोकं केवढं हाय? संत्रं, बेल का नारळ?”

गिरजामावशीनं मला विचारलेला हा पहिला प्रश्न. आदिलाबादच्या सरकारी दवाखान्यात नवजात बाळांच्या वॉर्डाबाहेर मी बाकावर बसले होते. डिसेंबर होता. आमच्याकडची थंडी बाहेरच्या माणसाला खरी वाटत नाही. तेलंगणा म्हटलं की लोकांना उन्हाळाच आठवतो. पण त्या दिवसांत सकाळी फरशीवर पाय ठेववत नाही. माझा मुलगा सातव्या महिन्यात जन्मला होता आणि आत काचेच्या पेटीत होता. त्याच्या डोक्याला कुणी फळाचं माप लावावं याचा मला राग आला. ती शेजारी बसून उत्तराची वाट बघत राहिली. शेवटी मीच म्हणाले, “संत्रं.”

तिनं पिशवीतून लोकरीच्या तीन टोप्या काढल्या आणि त्यातली सगळ्यात लहान, पिवळी, निवडली. तेव्हा तिचा उजवा हात मला दिसला. अंगठा आणि करंगळी, एवढंच. मधली तीन बोटं मुळापासून नव्हती. टोपी सिस्टरच्या हातात देऊन ती निघून गेली. होईल बरं, देवावर भरवसा ठेव, असलं ती काहीच बोलली नाही. पुढं मला कळलं की ती असलं कुणालाच बोलत नाही, आणि टोपी दिल्यावर त्या बाळाचं काय झालं हेही कधी विचारत नाही.

माझा मुलगा चार दिवस जगला. पाचव्या दिवशी सकाळी त्याला माझ्या हातात दिलं तेव्हा ती टोपी त्याच्या डोक्यावर होती. सासऱ्यांनी त्याला टोपीसकट पुरलं.

आमचं घर भाजीवाल्यांचं. सासरे आणि नवरा पहाटे बाजारात जात, सासूबाई घर सांभाळत. मला सगळ्यांनी कामातून सुटी दिली होती, आणि तेच वाईट झालं. अंगावर दूध येत होतं आणि करायला काही नव्हतं. अशात एका दुपारी गिरजामावशी दारात उभी राहिली. ती आमच्या मागच्याच गल्लीत एका खोलीत राहते हे मला तोवर माहीतही नव्हतं. तिनं लाकडाची एक कडी माझ्या मांडीवर ठेवली. चहाच्या बशीएवढी, वरच्या कडेनं बिनडोक्याचे खिळे ठोकलेले. सोबत लोकरीचा गुंडा आणि टोकाला वाकवलेली एक तार.

मी ती कडी ढकलून दिली. असलं मेल्या लेकरांचं काम मला नको, असं काहीतरी मी बोलले. तिनं कडी उचलून पुन्हा माझ्या मांडीवर ठेवली.

“हात रिकामे ठेवू नको, पोरी,” ती म्हणाली. “रिकामे हात आपल्याच छातीवर मारतेत.”

मी शिकले ते असं. लोकर आतून बाहेर काढून प्रत्येक खिळ्याभोवती गुंडाळायची. एक फेर पुरा झाला की त्याच्यावर दुसरा फेर. आता प्रत्येक खिळ्यावर दोन वेटोळी असतात. तारेनं खालचं वेटोळं उचलायचं आणि वरच्यावरून खिळ्याबाहेर टाकायचं. झाला टाका. चोवीस खिळे, चोवीस टाके, की पुन्हा नवा फेर. विणलेला भाग कडीच्या पोटातून हळूहळू खाली लोंबायला लागतो. दोन सुयांच्या विणकामासारखी दोन्ही हातांची दहा बोटं त्याला लागत नाहीत. म्हणूनच मावशीला ते जमलं होतं.

ती भीमपूरकडच्या एका खेड्यातली. कापूस आणि ज्वारीच्या शेतात वाढलेली. नवरा गेल्यावर ती आदिलाबादला येऊन एका जिनिंगमध्ये कामाला लागली आणि तिथं सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रात तिचा हात गेला. दवाखान्यात हाताचे व्यायाम शिकवणाऱ्या एका बाईनं तिला प्लास्टिकची खुंट्यांची रिंग दिली होती, उरलेली बोटं हलती राहावीत म्हणून. प्लास्टिक वर्षभरात तडकलं. मग तिनं सुताराकडून लाकडाच्या कड्या करून घेतल्या. लहान बाळासाठी चोवीस खिळ्यांची, मोठ्या माणसासाठी छत्तीस, आणि मफलरसाठी एक लांबट चौकट. हे सगळं तिनं मला एकदाच, लोकर गुंडाळता गुंडाळता सांगितलं. हाताबद्दल एवढंच म्हणाली, “यंत्राले काय मालूम, कापूस कोणता न् बोट कोणतं.”

पहिले आठ दिवस माझ्याकडून काहीच झालं नाही. मी लोकर इतकी ओढून गुंडाळायची की वेटोळी खिळ्यांना चावायची. तार खाली जायचीच नाही. मावशी माझा हात धरून ढिला करायची. “आवळू नको. आवळलेला टाका उचलत नाही,” हे तिनं मला किती वेळा सांगितलं असेल याची मोजदाद नाही. टाका सुटला की मी कडी खाली ठेवून रडायची. ती थांबायची, पण मला जवळ घ्यायची नाही. “सुटला त खाली उतरते तो. रडाचं नाही, शोधाचं,” म्हणायची, आणि तारेच्या टोकानं सुटलेलं वेटोळं शोधून चार फेर वर आणून खिळ्यावर चढवून दाखवायची.

माझी पहिली वस्तू मनगटावर घालायची एक पट्टी, ती पण वाकडी. मग सासऱ्यांसाठी मफलर. सासऱ्यांनी तो बाजारात घालून नेला आणि संध्याकाळी येऊन खुंटीला टांगला. दुसऱ्या दिवशी पुन्हा घातला. पहिली टोपी मात्र मावशीनं माझ्यासमोर तीनदा उसवली. कड दुहेरी करताना पहिल्या फेरातली वेटोळी एकेक करून परत खिळ्यांवर चढवायची असतात, त्यात मी दोन सोडली होती. बाळाच्या कपाळावर भोक पडेल, वारा आत जाईल, एवढंच तिचं म्हणणं. चौथ्यांदा तिनं टोपी उलटी करून पाहिली, मुठीवर चढवली आणि पिशवीत टाकली. शाबासकी तीच.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही दोघी दर मंगळवारी दवाखान्यात जायला लागलो. ती विचारायची, संत्रं, बेल का नारळ, आणि मी पिशवीतून टोपी काढून द्यायची. तेलुगू बोलणाऱ्या बायांना ती हातानं माप करून दाखवायची. नारळाला टोपी ती सहसा द्यायचीच नाही. पुऱ्या दिवसांची लेकरं आपल्या अंगच्या उबेनं राहतात, म्हणायची. टोपी संत्र्यांना. आणि आमच्या पुढच्या सगळ्या दुःखाचं मूळ तिथंच होतं. सगळ्यात लहान, सगळ्यात अशक्त बाळांनाच तिची टोपी मिळायची, आणि त्यातली बरीचशी राहायची नाहीत.

तिची टोपी लेकरांना लाभत नाही, असं बोलायला सुरुवात कुणी केली ते मला माहीत नाही. सासूबाईंनी मला आधी एकदा हटकलं होतं, त्या बाईसोबत फिरू नको, तिच्या हातात काहीतरी आहे. मी मनावर घेतलं नाही. मग जानेवारीतल्या एका मंगळवारी वॉर्डाबाहेर एक आजी भेटली. तिच्या सुनेला जुळं झालं होतं. मावशीनं दोन टोप्या दिल्या आणि ती व्हरांड्याच्या टोकाला पाणी प्यायला गेली. तेवढ्यात बाकावरच्या दुसऱ्या एका बाईनं त्या आजीच्या कानाला लागून काहीतरी सांगितलं. आजीनं माझ्याकडं वळून विचारलं, “तुमचं लेकरू याच बाईच्या टोपीत गेलं म्हणतेत. खरं हाय का?”

मी म्हणाले, “हो.”

एवढंच. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की त्याची फुप्फुसं तयार झालेली नाहीत. ते मी सांगितलं नाही. काहीच सांगितलं नाही. आज मी स्वतःशी खोटं बोलत नाही. त्या क्षणी मला बरं वाटलं होतं. वर्षभर मी कुणाला तरी दोष द्यायला शोधत होते. देव सापडत नव्हता, डॉक्टरांचा दोष नव्हता, नवरा बिचारा माझ्याहून खचलेला. आणि कुणीतरी माझ्यासमोर एक नाव आयतं ठेवलं होतं.

आजीनं दोन्ही टोप्या चिमटीत धरून माझ्या मांडीवर टाकल्या. मावशी परत आली, तिनं टोप्या पाहिल्या आणि पिशवीत ठेवल्या. घरी येताना ती नेहमीसारखीच चालत होती.

पुढच्या मंगळवारी कुणीच टोपी घेतली नाही. त्याच्या पुढच्या मंगळवारी बायांनी तिला येताना पाहूनच पदर आवळून घेतले. त्यानंतर ती दवाखान्यात गेली नाही. आणि मीही तिच्याकडं गेले नाही. आज घरी पाहुणे आहेत, उद्या बाजारात हात द्यायचा आहे, अशी कारणं मी स्वतःलाच देत होते. तिनं तर बोलावणंही धाडलं नव्हतं. मागची गल्ली टाळून मी लांबच्या वाटेनं जायची. असे दहा महिने गेले.

दिवाळीनंतर तिच्या शेजारणीनं बाजारात मला गाठलं. मावशीची छाती भरली आहे, दम लागतो, ती एकसारखी तुमचं नाव घेते, म्हणाली. मी गेले. मावशी भिंतीला उशी लावून बसली होती. आडवं झालं की तिला श्वास पुरत नव्हता. जिनिंगमधल्या कापसाची धूळ इतक्या वर्षांनी छातीत बोलत होती. तिच्या मांडीवर चोवीस खिळ्यांची कडी होती आणि कडीत जवळजवळ पुरी झालेली टोपी.

“हे बंद करून दे,” ती म्हणाली. “मले आता ओढणं होत नाही.”

टोपी पुरी करताना सुईत लोकर ओवून ती सगळ्या वेटोळ्यांतून न्यायची असते, मग वेटोळी खिळ्यांवरून उतरवून धागा ओढायचा, म्हणजे टोपीचा माथा आवळला जातो. मी सुई हातात घेतली. लोकर विचित्र लागत होती. पिंजल्यासारखी, जागोजागी विरलेली. मी विचारलं तेव्हा तिनं सांगितलं की ही तीच लोकर आहे. टोपी झाली की ती उसवायची आणि पुन्हा घालायला घ्यायची. सगळं वर्ष.

“नवी काऊन आणू? घेणारं कोणी नाही. हात बसत नाहीत म्हणून करून राह्यली.”

मी वेटोळ्यांतून सुई नेत होते आणि मला खिळे दिसेनासे झाले होते. मी खाली मान घालूनच बोलले. त्या दिवशी आजीनं विचारलं तेव्हा मी हो म्हणाले, हे मी तिला सांगितलं.

“मालूम हाय मले,” ती म्हणाली. “मी खांबाच्या मागंच होती.”

मी माफी मागायला तोंड उघडलं तर तिनं अंगठा आणि करंगळीचा तो हात वर करून मला थांबवलं.

“खोटं काय बोलली तू? टोपीतच गेलं ते.” ती श्वासाला थांबली. “पण उघडं नाही गेलं, पोरी. माही पहिली पोरगी उघडी गेली. पुसाच्या महिन्यात, भर थंडीत. घरात एक फडकं नव्हतं कोरडं.”

त्या मुलीबद्दल तिनं आयुष्यात दुसऱ्या कुणाला सांगितलं होतं की नाही, मला माहीत नाही. मला तरी त्या दिवशी पहिल्यांदा आणि शेवटचंच. मी धागा ओढला, माथा बंद केला, गाठ मारली. तिनं टोपी हातात घेऊन उलटीसुलटी केली आणि उशीखाली ठेवली. ती तिनं उसवली नाही.

त्यानंतर मी रोज जात होते. पेज करून न्यायची, पाठ चोळून द्यायची. सतराव्या दिवशी सकाळी गेले तर ती तशीच बसलेली होती, मान एका बाजूला. मंचेरियलहून तिचा मुलगा दुपारी पोचला. तिकडं खाणीत तो कंत्राटावर कामाला. आई दवाखान्यात टोप्या वाटायची हे त्याला ठाऊक नव्हतं. सामान आवरताना त्यानं लाकडाच्या कड्या हातात घेऊन मला विचारलं, हे काय आहे, जाळायला घेऊ का. मी म्हणाले, मला दे.

नवी लोकर आणून मी त्या महिन्यात अकरा टोप्या केल्या. पुसातल्या एका मंगळवारी एकटीच दवाखान्यात गेले. बाकावर तिघी बसल्या होत्या. पहिलीसोबत आलेल्या तिच्या सासूनं टोपी हातात घेऊन निरखली आणि विचारलं, “ते थोटी बाई द्यायची, त्यातलीच का?”

“हो,” मी म्हणाले. “तिनंच मला शिकवलं. माझा मुलगा तिच्या टोपीत गेला. तो सातव्या महिन्यात झाला होता, चारच दिवसांचा होता. ते चार दिवस त्याचं डोकं गरम होतं. मी हात लावून पाहिलं होतं.”

सासूनं टोपी बाकावर ठेवली, माझ्या हातात दिली नाही, आणि तोंड फिरवलं. दुसरीनंही नकाराची मान हलवली. तिसरी अगदी कोवळी पोरगी होती, भिंतीला टेकून बसलेली. तिला मराठी येत नव्हती. मी काय सांगितलं त्यातलं तिला किती कळलं कोण जाणे. तिनं बाकावरच्या टोपीकडं बोट केलं.

“इटु इव्वु, अक्का,” ती म्हणाली. इकडे दे.

मी दिली. आतली कड दुमडून ती बाळाच्या कानांवर कशी ओढायची, ते मी तिला हातानं दाखवलं. तिनं माझ्यासमोर दोनदा करून पाहिलं. मग टोपी पोटाशी धरून ती उठली आणि वॉर्डाचं दार ढकलून आत गेली.