घाटातली बाय

आमच्या दाजींना जुन्या नाण्यांचं वेड होतं, असं लोक अजून कौतुकाने सांगतात. वेड्या माणसाला निदान स्वतःचा फायदा कळत नाही. दाजींना तो पक्का कळत होता. त्यांना अव्वल कारकून व्हायचं होतं, बाकी काही नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, कर्जतच्या कचेरीत कारकून. आम्ही कुंभिवलीचे, भातशेतीवाले. कचेरीतला जावई मिळाला म्हणून माझ्या वडिलांची मान इतकी ताठ झाली की नांगर धरायला वाकणं त्यांना जड जाऊ लागलं. जावई अंगणात आला की घरातलं सगळं त्याचं, ही आमच्याकडची रीत. त्याने कालवडीकडे बघून 'छान आहे' म्हटलं की दोन दिवसांनी कालवड कर्जतला पोचती व्हायची. दाजींना आमच्या घरातलं बरंच काही छान वाटत असे.

हा नाद लागला तो एका रेल्वेच्या साहेबामुळे. घाट चढायला गाडीला जादा इंजिन जोडतात त्या कर्जत स्टेशनावर हा साहेब होता, आणि त्याला आपल्या विलायतेची जुनी नाणी जमवण्याची हौस होती. इकडे ती नाणी येत गोऱ्या पलटणींच्या खिशातून. पुण्याच्या सडकेने पलटण निघाली की खालापूरला मुक्काम पडे, आणि दारूच्या दुकानात कोणी तरी सोल्जर आपल्या देशचा एखादा पैसा टेकवून जाई. असाच एक पैसा दाजींनी साहेबाला नेऊन दिला. साहेबाने 'मामलेदाराकडे शब्द टाकतो' म्हणत पाठ थोपटली. त्या पाठीवरचा सदरा दाजींनी धुवायला टाकला की नाही, मला शंका आहे.

मग त्यांनी मुंबईहून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मागवलं. त्यात नाण्यांची चित्रं आणि पुढे किमती. किमतीचा रकाना दाजी फडाफडा वाचत. बाकीच्या मजकुरावर बोट ठेवून घाम पुसत. एक भिंग आणलं. सोनाराकडून एक छोटा काटा आणला. आणि बाजारच्या दिवशी कशेळ्याला जाऊन, डोंगरातल्या ठाकरणी बाजाराला उतरल्या की त्यांच्या गळ्यातल्या रुपयांच्या माळा भिंगातून बघू लागले. परक्या बाईच्या गळ्याशी नाक नेऊन, 'हा कंपनीचा, हा राणीछाप,' असं पुटपुटत. एकदा एका ठाकराने काठी उगारली, तेव्हा हे म्हणाले, "सरकारी काम आहे." सरकारचं नाव घेतल्यावर तो बिचारा काठी खाली करून वाट सोडून उभा राहिला. मी शेजारीच मिठाचा भाव करत होतो. त्याने ती काठी खाली करायला नको होती, असं मला अजून वाटतं.

घरी आणलेली नाणी ते माझ्या बहिणीच्या हवाली करत. चिंच आणि राख लावून तिने ती लख्ख घासायची, असा हुकूम होता. मळकं नाणं साहेबापुढे कसं न्यायचं? आपल्याकडे तांबं म्हटलं की ते चकाकलंच पाहिजे. देवाचं असो, पाण्याचं असो. त्यामुळे संध्याकाळच्या भांड्यांबरोबर विलायतेचे राजे नि राण्याही माझ्या बहिणीच्या हातून घासून निघत. दाजी ओसरीवरून सांगत, "अजून घास, मानेत काळं राहिलंय."

आता आत्याचं सांगतो. माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्न होऊन थोड्याच वर्षांत विधवा होऊन परत आली आणि आमच्याच घरी राहिली. घाटात लोखंडी रस्त्याचं काम चालू होतं, तेव्हा तिचा नवरा ठाकूरवाडीच्या अंगाला बोगद्याच्या कामावर मजूर होता. एका गोऱ्या मुकादमाने खूश होऊन त्याला एक भलामोठा तांब्याचा पैसा बक्षीस दिला. ढबू पैशाहून मोठा, जाड. पण तो वाण्याने घेतला नाही, ताडीवाल्यानेही घेतला नाही. तेव्हा हा गडी तो घेऊन घरी आला आणि बायकोच्या हातावर ठेवून म्हणाला, "बग, त्रिशूळ घेऊन बसलीय. देवीच हाय."

आणि खरंच, त्या नाण्यावर एक बाई बसलेली होती. एका हातात त्रिशूळ, बाजूला ढाल. आत्याने तिला देव्हाऱ्यात बसवलं. पुढच्याच उन्हाळ्यात घाटात पटकी आली. नवरा तिकडेच गेला, तिकडेच पुरला. आत्याकडे घरी आलं ते एक घोंगडं आणि आधीच आलेली ही देवी. घोंगडं कधीच फाटून गेलं.

ती तिला 'घाटातली बाय' म्हणायची. रोज आंघोळ, गंध, कुंकू. सणावाराला चिंचेने घासून लख्ख. इतक्या वर्षांच्या घासण्याने बायचं नाक गेलं, डोळे गेले, त्रिशूळाची तेवढी एक रेघ राहिली. मी लहानपणापासून ती तशीच सपाट पाहिली होती. मला ती तशीच देवी वाटायची. सगळ्यांना वाटायची.

एके दिवशी दाजी जेवायला आले आणि हात धुऊन येता येता त्यांची नजर देव्हाऱ्यात गेली. भिंग खिशात असायचंच. आत्याला न विचारता त्यांनी बायला उचललं, कुंकू अंगठ्याने पुसलं आणि ओरडलेच.

"आत्याबाई, ही देवी नव्हे. ही विलायतची पेनी आहे!"

"असंल," आत्या म्हणाली. "खाली ठेवा तिला."

पण दाजी कसले खाली ठेवतात. त्यांनी वडिलांना ओसरीवर बसवून धडा दिला. हल्लीच्या पेन्या काशाच्या असतात, पातळ. त्यांच्यावर बाईच्या मागे समुद्रात जहाज दिसतं, दुसऱ्या अंगाला दिव्याचा मनोरा असतो. ही तर जाड, शुद्ध तांब्याची. जहाज नाही, मनोरा नाही. म्हणजे जुनी! आणि जुन्यातही एखाद्या सालची फार थोडी पाडलेली असतात, त्यांना पुस्तकात असा काही भाव लावलाय की विचारू नका. वडिलांनी विचारलं नाहीच. ते नुसते मान हलवत होते, जणू जन्मभर त्यांनी पेन्याच पेरल्या होत्या.

"फक्त तोंड फार झिजलंय," दाजी कुरकुरले. "तोंड असतं तर सोनं होतं."

आत्या दारात उभी होती. ती म्हणाली, "माझ्या धन्याचं तोंड बी मला आता आठवत न्हाय जावईबापू. तिचं झिजलं, त्याचं झिजलं. आमचं चाललंय बरं."

मला वाटलं, आता तरी हा माणूस गप्प बसेल. पण दाजी म्हणाले, "मुंबईला एका माहितगार व्यापाऱ्याला दाखवून आणतो. चार दिवसांत परत." आणि वडील म्हणाले, "दे गं. जावईबापू म्हनतात तर दे." जावयाने मागितलं होतं. आत्याने बायला तुळशीच्या पानावर ठेवलं, धडप्यात गुंडाळलं आणि दिलं. "परत आना," एवढंच म्हणाली. दाजींनी कर्जतला पोचायच्या आत तुळस फेकून दिली असणार.

चार दिवसांचा पावसाळा झाला, पावसाळ्याची दिवाळी झाली. आत्या रोज देव पुसायची आणि मधली जागा मोकळी ठेवायची. मी दाजींना दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी मला इंग्लंडच्या राजघराण्याची माहिती सांगितली.

शेवटी ते आले. खुशीत होते. कागदाच्या पुडीतून त्यांनी एक नाणं काढलं आणि आत्याच्या हातावर ठेवलं. आत्याने बघायच्या आधी बोटांनी चाचपलं. मी तिच्या तोंडाकडेच बघत होतो. एवढा वेळ त्या तोंडावर जे काही होतं ते सगळं उतरलं.

"ही कोन बाई?" तिने विचारलं.

"तीच की. फक्त नवी. हे बघा नाक, हे डोळे, डोक्यावर टोप कसा ठसठशीत उठलाय! तुमचीला तिकडे दोन पैशांना कोणी विचारलं नाही, आत्याबाई. पार सपाट होती ती. हिला भाव आहे. मी पदरचे पैसे घालून आणलीय."

"हिच्या मागं होडी हाय."

"ती समुद्राची राणी आहे ना."

"मंग तिला समिंदराकडं धाडा. माझी घाटातली व्हती. ती कुटं हाय?"

दाजींनी घड्याळ काढून पाहिलं आणि कचेरीत काम असल्याचं त्यांना आठवलं.

खरं काय झालं ते मला बहिणीने सांगितलं, पदराआडून, नवऱ्याच्या पाठीमागे. मुंबईच्या व्यापाऱ्याने दाजींचा सगळा संग्रह एका नजरेत बाजूला सारला होता. जुन्या नाण्याला वर्षानुवर्षांचा जो काळसर रंग चढतो, तोच त्याचा भाव. घासलेलं नाणं म्हणजे नुसता तांब्याचा तुकडा. दाजींनी सगळीच नाणी घासून घेतली होती, मानेतलं काळंसुद्धा. मग कर्जतला येऊन त्यांनी ते सगळं लखलखीत राजघराणं तांबटाला वजनावर विकलं. त्यात आमची बाय गेली. सपाट होती ना, तिच्यासाठी कोण वेगळी मूठ उघडणार.

मी तसाच तांबटाकडे गेलो. तो भला माणूस होता, पण त्याच्या भट्टीला काय माहीत. "तांबं होतं, वितळलं," तो म्हणाला. "तुमच्या कारकुनानं घासाघीस मात्र लई केली हो." मी परत आलो आणि आत्याला सांगितलं. तिने ऐकून घेतलं. दाजींच्या नव्या बाईला तिने देव्हाऱ्यात घेतलं नाही. तांदळाच्या कणगीजवळच्या कोनाड्यात टाकलं. मला इतका संताप आला होता की दाजींशी बोलायचं टाळण्यासाठी मी आठवडाभर बांध घालत बसलो. बांधांची काही गरज नव्हती.

पुढच्या वर्षी धोंड्याचा महिना आला. या महिन्यात जावयाला जेवायला घालून अनारशांचं वाण द्यायचं, आणि जावयाने ते नाकारायचं नाही. दाजी सोवळं नेसून पाटावर बसले. आईने तांब्याच्या ताटात अनारसे रचले, वर दिवा ठेवला, वडिलांनी दक्षिणेला रुपया काढला. आत्या अशा वेळी आतच असायची. विधवेने वाणाला हात लावायचा नसतो, हे तिला कोणी शिकवायला नको होतं.

ती बाहेर आली. सगळ्यांच्या देखत पुढे येऊन तिने कोनाड्यातली ती पेनी अनारशांवर ठेवली.

"ही घ्या, जावईबापू. तुमची हाय. नाक-डोळं हायेत, होडी हाय, भाव हाय. आमी अडाणी मानसं, आमाला हिची आंघोळ जमायची न्हाय."

वडिलांची ती ताठ मान पहिल्यांदा खाली गेली. माझी बहीण रडू लागली, कारण मुंबईला नेण्याआधी आमची बायही तिच्याच हातून शेवटची घासली गेली होती. दाजींनी वाण घेतलं. घेणं भागच होतं. आणि मी डोळ्यांनी पाहिलं ते सांगतो, पेनीला अनारशाचं तूप लागलं म्हणून त्यांनी ती उचलून आधी धोतराच्या सोग्याला पुसायला घेतली, मग घासल्याने भाव उतरतो हे आठवून हात आवरला. बराच वेळ ते तुपाचं नाणं दोन बोटांत धरून बसले होते.

ते पुढे अव्वल कारकून झाले. कुठली तरी न घासलेली नाणी साहेबाला पोचली असणार.

आत्या देव पुसताना त्या मोकळ्या जागेलाही गंध लावायची, लाकडालाच. ती थकली तेव्हा मी तिचे देव मांडून देत असे. एकदा मी म्हटलं, "आत्या, तिथं काय हाय आता? नुसतं लाकूड."

"नाक-डोळं तिला तवा बी नव्हतं रं," ती म्हणाली. "आता तांबं बी न्हाय, एवडंच."