पाण्यातली ताकद चोरल्याचा संशय

मंठ्याजवळच्या एका गावातली ती चोरी मी अजून विसरलेलो नाही. सत्तरच्या दशकात मी तिथे फौजदार होतो. एका सकाळी पोलीस पाटील एका मजुराला घेऊन ठाण्यात आले. त्याचा डायनॅमो चोरीला गेला होता.

हा माणूस काही वर्षं घाटाकडच्या एका वीजप्रकल्पावर कामाला होता. गावी परतल्यावर त्याने ओढ्यावरच्या बंधाऱ्याखाली लोखंडी पात्यांचं चाक बसवलं आणि त्याला ट्रकचा भंगारातला डायनॅमो दुरुस्त करून जोडला. वरून पडणाऱ्या पाण्याने चाक फिरायचं, आणि त्याच्या बिनखिडकीच्या घरात भरदिवसा बल्ब लागायचा. त्या उजेडात बायको शिलाई करायची. गावात तोवर विजेचा खांबही आला नव्हता.

फिर्याद नोंदवून मी हवालदारासह पंचनाम्याला गेलो. चाकाची पाती काढून काठावर नीट रचलेली होती. एकही वाकलेलं नव्हतं. रागावलेला माणूस तोडफोड करतो. इथे कुणीतरी सावकाश नट सोडवले होते.

"एवढ्या मापाचा पाना गावात कुणाकडे आहे?"

पोलीस पाटील घुटमळले. "खालच्या शेतवाल्याकडं, साहेब. त्याचं डिझेल इंजन हाय."

मजूर बौद्ध वस्तीतला, शेतकरी गावातला. प्रकरण चिघळायला वेळ लागला नसता. म्हणून शेतकऱ्याला मी चारचौघांत हटकलं नाही, ठाण्यात बोलावून घेतलं. साठीचा तो माणूस तासभर "मला ठावं न्हाई" एवढंच म्हणत राहिला. मग मी सहज विचारलं, "गहू कसा आहे, मामा?"

त्याचे डोळे भरून आले. "पिवळा पडला, साहेब. त्यो वर पाण्यातली ईज काढून घेतो. मंग माझ्याकडं निस्तं पाणी येतं. दुप्पट पाणी देऊन राह्यलो, तरी बिलकुल जान न्हाई."

"आणि डायनॅमो?"

"वावरात पुरला. माझ्या पाण्याची ताकद त्याच्यात गेल्ती. वापस जिरंल, म्हणलं."

हवालदार हसला. मीही हसलो.

"हसू नका, साहेब. ताकद गेली न्हाई, तर बल्ब कशानं लागतो?"

मला सांगता येईना.

पंचांसमक्ष डायनॅमो उकरून काढला. तो ओळखायला मजूर आला, तेव्हा मी तोच प्रश्न त्याला विचारला. तो म्हाताऱ्याला बंधाऱ्यापाशी घेऊन गेला.

"काका, धारेखाली हात धरा. मार बसला? हा मार आधी दगडावर वाया जायचा. म्या चाकावर घेतला. पाणी हाय तेवढंच पुढं जातं."

म्हातारा बंधाऱ्याच्या वरचं पाणी प्याला, मग खालचं. "बराबर सारखंच हाय," तो म्हणाला. "पण असं रोज घेतल्यावर सरायचं न्हाई?"

"कशानं सरंल? पाऊस पडतो, वढा वाहतो. पाणी हाय तवर चाक हाय."

कृषी खात्याच्या माणसाने वावर पाहिलं. गहू जादा पाण्याने पिवळा पडला होता. म्हाताऱ्याच्या भीतीनेच त्याचं पीक बुडवलं होतं.

कोर्टाच्या परवानगीने तडजोड झाली. चाक पुन्हा बसवताना नट आवळायला म्हातारा स्वतःच पाना घेऊन गेला, असं पोलीस पाटलांनी मला नंतर कळवलं.

कोण, कुठे, कधी हे विचारायला मला खात्याने शिकवलं होतं. समोरच्याला कशाची भीती वाटली, हे विचारायला मी त्या प्रकरणात शिकलो. आणि ज्या प्रश्नाचं उत्तर आपल्यालाही येत नाही, तो विचारणाऱ्याला हसण्याचा आपल्याला अधिकार नसतो, हेही.