धुरातला चतुर्थीचा चंद्र

खजुराचा डबा उघडला की मला रायपूरजवळच्या बीरगावची ती गच्ची आठवते. रायपूर नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालं होतं. नवऱ्याची कारखान्यात दुसरी पाळी होती आणि अमरावतीहून आलेली मी रमजानातल्या त्या संकष्टीला घरात एकटीच उपाशी होते. अजान झाली तशी शेजारच्या दीदींनी खजूर आणि पाणी घेऊन रोजा सोडला, पण भज्यांचं, फळांचं ताट तसंच झाकून ठेवलं आणि चंद्रोदयाच्या वेळी माझ्यासोबत गच्चीवर आल्या. "दीदी, तुम्ही जेवा न, काहून थांबता?" मी म्हटलं. "तू भूखी बैठे और मैं खाऊँ? चल, चाँद ढूँढना तो हमको आता है," त्या म्हणाल्या. कारखान्यांच्या धुरात चंद्र काही दिसेना. भुकेनं आणि माहेरच्या आठवणीनं मला रडूच फुटलं. तेव्हा दीदी दुपट्टा खोचून पाण्याच्या टाकीवर चढल्या आणि तिथून ओरडल्या, "दिख गया! तेरा चाँद दिख गया!" मी अर्घ्य दिलं आणि मग आम्ही दोघी त्या एकाच ताटात जेवलो. आता नागपुरात चंद्र खिडकीतूनच दिसतो. तरी संकष्टीला मी गच्चीवर जाते आणि अर्घ्य देण्याआधी दीदींची हाक येईल म्हणून जराशी थांबते.