दिगूचा न निघालेला अल्बम

दिगू गेल्याचा फोन आला तेव्हा मी भाजीबाजारात मेथीची जुडी हातात धरून उभा होतो. दिगंबर माझा शाळेपासूनचा मित्र. दोघंही गाणारे, एकाच मास्तरांकडे शिकलेले. दुःख तर झालंच. पण त्याच्याही आधी मनात आलं, की हा इथेही माझ्या पुढे गेला. रेडिओची ऑडिशन तो माझ्याआधी पास झाला, लग्न आधी, नातवंड आधी... हे वाचून कुणाला वाईट वाटेल, पण दिगूला वाटलं नसतं. तो पोट धरून हसला असता.

एका बाबतीत मात्र मी त्याला मागे टाकलं होतं. माझे तीन अल्बम निघाले, त्याचा एकही नाही. एक तयार झाला, पण निघाला नाही. दिंडोरीला त्याच्या मेहुण्याची द्राक्षबाग आहे आणि तिथेच पॅकिंगची शेड. हंगाम संपत आला होता, आम्ही सहज गेलो होतो. दिगू कोल्ड रूममध्ये शिरला तो बाहेरच येईना. मी दार उघडून पाहिलं, तर द्राक्षांच्या खोक्यांमध्ये डोळे मिटून उभा. "वश्या, ऐक. हे मशीन पंचम देतंय." मला नुसती घूं... ऐकू येत होती. मग त्यानं त्या आवाजावर षड्ज लावला आणि माझ्या अंगावर काटा आला. तो थंडीचा नव्हता.

पुढच्या आठवड्यात रेकॉर्डिंगवाल्याला घेऊन हा माणूस तिथे गायला बसला. डोक्याला कानटोपी, अंगात माझा स्वेटर, तानपुऱ्याच्या जागी मशीन. साथीला मी पेटी नेली होती. पण मशीनच्या पंचमाचा षड्ज पेटीच्या पांढरी एक या पट्टीच्या किंचित वर, दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत पडलेला. पेटी काही केल्या जुळेना. "राहू दे रे, तू नुसता ऐक," दिगू म्हणाला. एका मशीनपायी मला काढलं! मी बाहेर खोकी भरणाऱ्या बायकांशेजारी जाऊन बसलो. दार उघडलं की आवाज बाहेर यायचा. त्यांतली एक म्हणाली, "लय भारी गाऊन राहिले हो. तुम्हाला नाय येत का गाणं?" मी म्हटलं, येतं थोडंफार.

अल्बम काढणाऱ्या मुंबईच्या कंपनीनं ते रेकॉर्डिंग स्वच्छ करून पाठवलं. स्वच्छ म्हणजे ती घूं पूर्ण पुसलेली. लोकांना सीडीच खराब वाटेल, असं त्यांचं म्हणणं. दिगूनं पहिलं गाणं अर्धं ऐकून बंद केलं. "माझा तानपुराच काढून टाकला की यांनी!" त्यानं अल्बम मागे घेतला तो कायमचा. मूळ गाणी मात्र पेनड्राइव्हवरून फिरत राहिली. फवारणीच्या ट्रॅक्टरवर वाजली, पुण्या-मुंबईचे जाणकार मागून घेऊ लागले. माझे तीन अल्बम माझ्या कपाटात सुखरूप आहेत.

तो गेल्यावर कुणीतरी इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात या अल्बमचं पान केलं आणि ते ठेवायचं की उडवायचं यावर तिथे वाद पेटला. मी तो अक्षर न् अक्षर वाचला. एक म्हणतो, जो निघालाच नाही त्याची नोंद कसली? दुसरा म्हणतो, न निघता एवढा पोचला, म्हणूनच नोंद हवी. शेवटी घोडं अडलं ते छापील, निःपक्षपाती उल्लेख कुठेच नाही यावर. दिगूची मुलगी मृणाल घरी आली. "काका, पेपरच्या पुरवणीत लिहा ना. रेकॉर्डिंगच्या वेळी तिथे असलेले, गाण्यातले असे तुम्हीच एक उरलात." मी तिला स्पष्ट सांगितलं, नोंद होऊ नये असं मला वाटतं. माझ्या निघालेल्या तीन अल्बमना एक ओळ नाही आणि न निघालेल्याला अख्खं पान? माझ्या पोटात दुखतं! ती शांतपणे म्हणाली, "मग तसंच लिहा. मित्रानं कौतुक केलं असं कुणी म्हणणार नाही." पोरगी अगदी बापावर गेलीय.

म्हणून हे लिहितोय. तो अल्बम आहे. मी तो माझ्या कानांनी ऐकला आहे, बाहेर बसून. त्यातल्यासारखं एकही गाणं मला जमलं नाही आणि आता जमणारही नाही. नोंद राहावी. हे वाक्य लिहायला मला दोन कप चहा लागला.

स्वयंपाकघरात बसून हे लिहीत असताना आमचा फ्रिज सुरू झाला... तीच घूं. मी षड्ज लावून पाहिला, नेमका बसला. पेटी काढली, ती अर्थातच जुळेना. "आता फ्रिजशी गाणार का?" बायको म्हणाली. दिगूचं पान बहुतेक राहील. उद्या माझ्या गाण्याबद्दल खरं लिहायची वेळ आली, तर तसं लिहू शकणारा एकच माणूस होता. आणि तो आधी गेला.