भिंतीपलीकडची लताअक्का

बेबाबाई अहिरे दवाखान्यात आया होती. एकतीस वर्षं तिने परक्यांचं हागमूत काढलं आणि त्याची तिला ना कधी लाज वाटली, ना तिने कधी मोठेपणा मिरवला. नवरा लवकर गेला, लेक लग्न होऊन नाशिकला. देवपुरातल्या दोन खोल्या, रविवारचं चर्च आणि भिंतीपलीकडची लताअक्का पाटील, एवढाच तिचा संसार उरला होता.

लताअक्का शिंदखेड्याकडची, एसटी कंडक्टरची विधवा. एकादशी कधी न चुकवणारी. चर्चची पायरी ती कधी चढली नाही आणि बेबाबाईनेही तिला कधी ‘चल’ म्हटलं नाही. सव्वीस वर्षं इकडची भाकरी तिकडे आणि तिकडची शेवभाजी इकडे जात होती, आणि मधूनमधून कडाक्याचं भांडण. नाताळच्या करंज्या लाटायला लताअक्का हक्काने यायची आणि सारण कमी भरलं म्हणून वर नावंही ठेवायची.

दोन वर्षांपूर्वी लताअक्काची डावी बाजू लुळी पडली. सून डिंपल वाईट नव्हती, पण तिला किळस यायची, त्याला ती तरी काय करणार? मग रोज सकाळी बेबाबाई जाऊ लागली. कूस बदलायची, अंग पुसायचं, कमरेला डावीकडे झालेली जखम धुवायची. एकदा लताअक्का तिचा हात धरून बोबड्या जिभेने म्हणाली, “बेबा, मी मरसू तवय आंघोय तूच घाल माले. ह्या बठ्ठ्या बाया घाईमा आपटतीन.”

“घालसू वं. पन आते गप निज,” बेबाबाई म्हणाली. दवाखान्यात तिने किती मेलेल्यांना न्हाऊ घातलं होतं, पण असा शब्द तिच्याकडून कोणी घेतला नव्हता.

त्याच सुमारास चर्चमध्ये नवे पास्टर आले. विक्रम त्यांचं नाव. माणूस सरळ, उत्साह मात्र उतू जाणारा. कुठल्याशा शिबिरातून ते नवी कल्पना घेऊन आले: चर्चला न येणारे शेजारी जोडायचे. प्रत्येकाने पाच शेजाऱ्यांची नावं सांगायची, पुढे त्यांची अडचण, आणि रोज संध्याकाळी सगळ्यांनी त्यांच्यासाठी प्रार्थना करायची. चर्चमध्ये अशा ‘विनंत्या’ मांडायची रीत जुनीच. कोणाचं ऑपरेशन, कोणाच्या पोरीचं लग्न, उभं राहून सांगायचं आणि सगळ्यांनी डोळे मिटायचे. आपल्या माणसांत ते चालून जातं. भिंतीपलीकडच्यांना कोणी विचारलं होतं का, हा प्रश्न त्या दिवशी एकालाही पडला नाही.

बेबाबाईने एकच नाव दिलं. पास्टरांच्या बायकोने, सुनिताने, तिच्यासमोरच चर्चच्या भिंतीवरच्या तक्त्यावर ठळक अक्षरात लिहिलं: ‘लताबाई पाटील, देवपूर. लकवा. मुलगा भूपेंद्र याची दारू सुटावी.’ शेवटचं वाक्यही बेबाबाईनेच सांगितलं होतं. लताअक्का ज्यासाठी रडायची, तेच तिने देवापुढे ठेवलं. तिच्या मनात तसूभरही खोट नव्हती, पण बाईने केलं ते चुकलंच.

घरी बसूनही प्रार्थना करता यावी म्हणून कोणीतरी तक्त्याचा फोटो चर्चच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो चार दिवसांत भूपेंद्रच्या ऑफिसात पोचला.

त्या संध्याकाळी भूपेंद्र तिच्या दारात उभा राहिला. प्यायलेला नव्हता. “मावशी, आमच्या घरातली गोष्ट तुम्ही भिंतीला चिकटवली.”

“प्रार्थनेसाठी होती रे बाळा.”

“तुमच्या देवाला सांगायला तक्ता लागतो? साहेबांनी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं मला. उद्यापासून घरात यायचं नाही.”

बेबाबाई पदराशी चाळा करत राहिली.

पास्टरांना कळलं तेव्हा त्यांना मनापासून वाईट वाटलं. त्यांनी तक्ता काढला आणि माफी मागायला निघाले. पण एकटे जातील तर कसले! चौघांना घेऊन, हातात सफरचंदांची पिशवी घेऊन गेले आणि दारातच विचारलं, “आईंसाठी प्रार्थना करू का?” भूपेंद्रने दार लावून घेतलं. पास्टर शेजारी जोडायला निघाले होते. सव्वीस वर्षं जोडलेली एक शेजारीण त्यांच्याच मंडळीत बसली होती, तिला मात्र त्यांनी काही विचारलं नव्हतं.

अठरा दिवस बेबाबाईला पलीकडून लताअक्काचं कण्हणं ऐकू यायचं. दोनदा ती दारापर्यंत गेली. डिंपल रडवेली होऊन म्हणाली, “मावशी, हे घरात आहेत, जा तुम्ही.” एकोणिसाव्या दिवशी सकाळी कण्हणं थांबलं आणि बायकांची रडारड सुरू झाली.

कोणीतरी बोलावेल म्हणून ती धुतलेलं लुगडं नेसून ओट्यावर बसली. अकरा वाजले. शिंदखेड्याहून पाहुणे आले. मग पलीकडच्या अंगणात आडोशाला साडी धरा म्हटल्याचं आणि बादल्या आपटल्याचं ऐकू आलं. “चला, आटपा, उशीर होतोय,” कोणी बाई म्हणत होती.

बेबाबाई उठली. भिंत तिच्या डोक्याहून उंच होती. दोन्ही हात भिंतीवर टेकून ती ओरडली, “डावी कुशीवर निजाडू नका वं! तठे जखम शे! पानी हयू हयू टाका!”

पलीकडे पाण्याचा आवाज थांबला. मग भूपेंद्रचा रडून घोगरा झालेला आवाज आला, “मावशी, पाया पडतो तुमच्या, आता तरी गप्प बसा.”

ती गप्प बसली. जरा वेळाने पाणी पुन्हा पडू लागलं. बायांनी कोणत्या कुशीवर घेतलं, हे तिला आजवर कोणी सांगितलेलं नाही.